पहिला पसंतीक्रम

परवा भाचीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना माझी बोटं अडखळली. दहावीनंतर वर्गातल्या मैत्रिणीचा फॉर्म मुलुंडच्या आमच्या घरी मीच भरला होता. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तिला चर्चगेटचं कॉलेज हवं होतं. मला ती मैत्रिणीपेक्षा खूप जास्त आवडायची, आणि हे मी कुणाकडेच बोलले नव्हते. ती आईने कापलेला आंबा आणायला आत गेली, तेवढ्यात मी माझ्या यादीतलं पहिलं, मुलुंडचं कॉलेज तिच्याही यादीत पहिलं टाकलं. तिला तेच लागलं, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की नाकारता येत नाही या नियमामुळे घ्यावंच लागलं. मी रडले, तर तीच म्हणाली, “चुकून झालं गं तुझ्याकडून. आपण एकत्र आहोत ना?” तिने माझे डोळे पुसले. आता तिशी उलटली, तरी ती चूक नव्हती हे मी तिला सांगू शकलेले नाही.