ऑफिसच्या टेपा आमच्या कपाटात

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बुरशी पुसणं. घाटकोपरच्या खोलीत, जमिनीवर पेपर पसरून. टेपा ऑफिसच्या होत्या. हात लावला की तपकिरी चिकट भुकटी बोटांना लागायची. वास आंबट, कुबट. नाकाला पदर लावून ती म्हणाली, "शी! तुमच्या साहेबाला बोलवा आणि हुंगायला लावा."

मी अंधेरीला कम्प्युटरच्या ऑफिसात शिपाई होतो. तेव्हा सगळा हिशोब टेपेवर उतरवून ठेवायचे. आधी परातीएवढी गोल रिळं, मग हातात मावणाऱ्या चौकोनी डब्या. ऑफिसला आग लागली तर सगळंच जळायला नको म्हणून एक जोड बाहेर ठेवायची पद्धत होती. बाहेर म्हणजे माझ्या घरी, तिच्या लोखंडी कपाटात. तिच्या साड्या पलंगाखाली, ट्रंकेत.

एका दसऱ्याला तिनं रिळावर हळदकुंकू वाहिलं. डब्यावर नव्हे, झाकण काढून थेट पट्टीवर. ऑफिसात ते रीळ लावलं तेव्हा हळदकुंकू मशीनच्या तोंडात गेलं. साहेब माझ्यावर पेटला. घरी सांगितलं तर म्हणते, "घरात ठेवलंय तर पूजा नको? नको असेल तर न्या म्हणावं परत."

नेलं कोणी नाही. मी रिटायर झालो, टेपांची मशीनं भंगारात गेली, सगळं कुठल्या तरी लांबच्या कम्प्युटरवर ठेवायला लागले. ऑफिसात विचारलं की म्हणायचे, "राहू द्या हो काका, लागतील." तिचं एकच म्हणणं, "कपाट उघडल्यावर एकदा तरी माझ्या साड्या दिसू देत."

फोन करून करून मी डोकं खाल्लं, तेव्हा नवा साहेब म्हणाला, उद्या माणूस पाठवतो, पुसून ठेवा. म्हणून ती पुसापुशी. अर्ध्यावर ती म्हणाली, "उरलेल्या सकाळी." जेवलो, झोपलो.

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन बघून गेला. शेजारणी जमल्या. तिला खाली घ्यायचं तर जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे त्या घाणेरड्या टेपा. तेवढ्यात साहेबाचा फोन.

"काका, माणूस येत नाही. त्यातलं काही लागत नाही आता. फेकून द्या."

"बायको गेली माझी."

"ओह. मग सावकाश फेका."

थू! असल्यांचं ओझं तिनं जन्मभर सांभाळलं.

सगळ्या टेपा चादरीत भरल्या आणि गल्लीच्या तोंडाशी म्युन्सिपाल्टीच्या कचऱ्यात ओतल्या. चादरही टाकली. एक पट्टी सुटून चपलेत अडकली, ती पायानंच तोडली. घरी येऊन साबणानं हात धुतले, फिनाईल टाकून जमीन पुसली. मग शेजारणींना म्हणालो, "आता घ्या तिला खाली."