छत्री घेऊन सौंसरला

"तुमचे चेहरेच असे येतात मास्तर, त्यात फ्लॅश काय करणार?"

पांढुर्ण्यातला एक फोटोवाला हे बोलला आणि ऐंशीच्या दशकातल्या त्या मार्चमध्ये मी प्रवासाला निघालो.

सौंसरचे सुखदेवदादा संत्र्याच्या बागेत मजुरी करत. माझ्या भाषणांना ते पहिल्या रांगेत बसत. त्यांच्या भिंतीवर थोरल्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता, याच फोटोवाल्यानं काढलेला. त्यात शुभ्र साडी आणि तिच्या वर काळा डाग. "साडी हाय, पोरगी नाही," दादा म्हणाले. "भाषणात म्हणता ना, चेहरा लपवू नका? मंग आमच्या वंदनाचा दाखवा एकडाव." धाकट्या वंदनाचं लग्न आठवड्यावर होतं. मी फोटोवाल्याला जाऊन जाब विचारला, तेव्हा त्यानं ते सुरुवातीचं उत्तर दिलं.

दोष चेहऱ्यात नव्हताच. कॅमेऱ्यावर बसवलेला ऑटोमॅटिक फ्लॅश पांढरी साडी पाहतो, उजेड भरपूर आहे असं समजून लगेच विझतो, आणि चेहरा अंधारात राहतो. या गृहस्थाला आपलं यंत्र कळत नव्हतं. स्वतःचं अज्ञान दुसऱ्याच्या कातडीवर ढकलणं तेवढं जमत होतं.

सकाळच्या पॅसेंजरनं नागपूर गाठलं. सीताबर्डीच्या बोळातल्या दुकानदारानं आधी स्टुडिओचे दिवे दाखवले. किंमत माझ्या तीन पगारांएवढी. गरिबाच्या तोंडावर नीट उजेड पडायला एवढा खर्च लागतो, असं सांगणाऱ्यांचा धंदा जोरात चालतो. कॅमेरा आणि त्यावरचा छोटा फ्लॅश माझ्याकडे होताच. मी दीडशे रुपयांत हातानं जोर ठरवता येणारा जुना फ्लॅश घेतला. साठ रुपयांत काडेपेटीएवढी एक डबी घेतली. दुसरा फ्लॅश चमकला की ती आपला फ्लॅश पेटवते. फ्लॅशचा उजेड आपटून चेहऱ्यावर मऊ पसरावा म्हणून, बरोबर आणलेल्या घरच्या काळ्या छत्रीला आतून पांढरं मांजरपाट शिंप्याकडून लावून घेतलं.

"लांब वायर घ्या भाऊ, डबीचा भरवसा नाही," दुकानदार म्हणाला.

"वायर तुमच्या जमान्याची," मी म्हणालो. व्याख्यानं देणाऱ्याला ऐकायची सवय कमी.

सौंसरची बस सावनेरवरून जाते. उजवीकडची खिडकी घ्या, दुपारचं ऊन चुकतं. बोरगाव मागं पडलं तेव्हा शेजारची म्हातारी छत्रीकडे बघून म्हणाली, "पावसाची लय घाई झाली का बाबू?" स्टँडवर आलुबोंडा गरम असेल तरच खा.

लग्नाच्या दिवशी बुद्धविहारात छत्री बांबूला बांधली. लोक हसले ते हसलेच. वरपक्षानं आणलेला फोटोवाला पाहतो तर तोच, पांढुर्ण्याचा. त्यानं बटण दाबलं आणि छत्रीतला माझा फ्लॅश पेटला. पुन्हा दाबलं, पुन्हा पेटला. डबीला मालक ओळखता येत नव्हता. माझी पाळी आली की फ्लॅश रिकामा. चार फोटो वाया गेल्यावर मला हे कळलं.

"काऊन मास्तर," तो म्हणाला, "तुमचा दिवा तर मलेच सलाम करून राह्यला."

हार घालायचे तेवढे उरले होते. मी डबी उपटली आणि फ्लॅशसोबत आलेली आखूड वायर कॅमेऱ्याला जोडली. ती जेमतेम दीड हात. छत्री बांबूवर ठेवून चालणार नव्हतं, कुणीतरी वंदनाजवळ धरायला हवी होती. दादा उठले. "मी धरतो. कुठं उभा राहू?"

फोटोत वंदना जशी आहे तशी आली: सावळी, नाकाशी घामाचा थेंब, ओठांत दाबलेलं हसू. कोपऱ्यात दादांची चार बोटं. मी म्हटलं, कापून देतो.

"राहू द्या," दादा म्हणाले. "उजेड मी धरला व्हता."

तो फ्लॅश कधीच मेला. छत्री अजून पांढुर्ण्यातल्या माझ्या घरी आहे, मांजरपाट पिवळं पडलंय. परतल्यावर महिन्यानं मी फोटोवाल्याच्या दुकानावरून जात होतो. दर्शनी काचेत वंदना होती, त्याच्या बटणावर पेटलेल्या माझ्या छत्रीच्या उजेडातली, स्वच्छ, सुंदर. खाली त्याच्या स्टुडिओचा शिक्का.

मी आत गेलो आणि विचारलं, "हा चेहरा कसा काय आला?"

तो काच पुसत राहिला.