ऑल्डरकॉटचा पत्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी माझं काय वाकडं करणार आहात?

आखातात, फहाहीलच्या एका कंत्राटी कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. आडनाव खारेपाटणकर. आमचा इंग्रज साहेब, ऑल्डरकॉट, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, ‘हे आडनाव नाही, हा तर पत्ता आहे!’ मग माझं ‘केपी’ करून टाकलं. चहावालासुद्धा केपी म्हणायला लागला. तळपायाची आग मस्तकात जायची, पण इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू करायला सही त्याचीच. गिळलं.

आणि याच मेल्याला स्वतःच्या आडनावाचा काय माज! म्हणे, मूळ पुरुष सरदार होता, राजाबरोबर जहाजातून इंग्लंड जिंकायला आला. तिकडे इंग्लंडात त्याचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला. त्याला सरदार-बिरदार नको होता. आपण मुळात कुठले, एवढंच मरायच्या आधी कळावं, म्हणून तो जुन्या दप्तरखान्यांना पत्रं धाडायचा. उत्तरं साहेबाच्या मेलवर यायची, ती उघडून वाचायचं काम साहेबाने माझ्या अंगावर टाकलेलं. एकदा व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्याने माझं नाव विचारलं. तीनदा अडखळला, चौथ्यांदा अख्खं खारेपाटणकर बरोबर म्हणाला. साहेब इकडे खिदळत होता.

मग ते पान आलं. सातशे वर्षांपूर्वीच्या जमीनदारी दप्तरातलं. ‘ऑल्डरकॉटचा विल्यम’ — दुसऱ्याच्या शेतात राबणारं कूळ, न विचारता गाव सोडलं म्हणून दंड. खाली दप्तरखान्याच्या बाईंची टीप: ऑल्डरकॉट हे खेडं, आता उजाड, शेतात फक्त चर्चचा पाया उरलाय. सोबत नकाशा. मला एका झटक्यात कळलं. आमच्या कोकणात शेंबड्या पोरालाही कळेल — माणूस गाव सोडतो, तेव्हा गाव त्याच्या नावाला चिकटतं. सरदार कसला, डोंबल! पत्ताच होता तो.

भर ऑफिसात मोठ्याने वाचायला हवं होतं, नाही? साहेबाची जिरली असती, आणि म्हाताऱ्याला त्याचं गाव मिळालं असतं. पण तेच मला नको होतं — त्या घरात कुणाला काही मिळायला नको होतं. पानावर ‘रद्द’चा शिक्का मारला, जुन्या ड्रॉइंगवर मारतो तसा, आणि रद्द कागदांच्या कपाटात टाकलं. साहेबाच्या मेलमधूनही ते पुसलं. साहेब दर आठवड्याला विचारायचा, ‘डॅड विचारतायत, काही सापडलं?’ मी म्हणायचो, नाही सर. वाईट वाटायचं का? छे! गोड लागायचं.

चार महिन्यांनी म्हातारा गेला. साहेब तिकडून परतला आणि माझ्या टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवला. बापाने माझ्यासाठी ठेवलेला. वर चिठ्ठी, म्हाताऱ्याच्याच अक्षरात: श्री. खारेपाटणकर, माझ्यासाठी इतकं शोधलंत, आभारी आहे. एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

डबा घरी नेला, एगैला भागातल्या आमच्या खोलीवर. बायकोने विचारलं, कुणी दिला? म्हटलं, ऑफिसातून. पोरीने दोन दिवसांत संपवला.

साहेब अजून मला केपी म्हणतो आणि अजून सरदाराच्या गप्पा मारतो. पान त्याच कपाटात आहे, त्याच्या केबिनपासून दहा पावलांवर. किल्ली माझ्याकडे असते. मी ते काढलेलं नाही.