अर्ध्या कुत्र्याची आंघोळ

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. आई अंगणात पांढरा पंचा पसरून आमच्या कुत्र्याच्या, मोतीच्या, पाठीवरून फणी फिरवते आहे. फणीत एकही पिसू निघाली, तर मोतीची रवानगी आजच शेतावर, असे वहिनीने बजावले आहे. तिचे बाळ नुकतेच रांगू लागले आहे.

आठवड्यापूर्वी मी प्रयोग आखला होता. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी आईने रोज मोतीच्या फक्त डाव्या अंगाला लावायचे आणि उजवे अंग तुलनेसाठी तसेच ठेवायचे. आज कळले, की आईने रोज दोन्ही अंगे धुतली आणि फणीने विंचरलीही. शिवाय त्याचे गोणपाटही उकळत्या पाण्यातून काढले.

"अर्ध्याच कुत्र्याला आंघोळ घालतात का गं कुणी?" ती म्हणाली. "उजवीकडे खाजवत बसला असता बिचारा."

गुण आला तरी तो पाल्याचा, फणीचा की उकळत्या पाण्याचा, हे आता सिद्ध करता येणार नाही. ज्ञानासाठी कुणाला तरी उपायावाचून ठेवावे लागते. मायेला ते जमत नाही. म्हणून तिच्यापाशी उपाय पुष्कळ असतात आणि पुरावा क्वचितच.

फणी थांबली. वहिनीने पंचा उचलून उन्हात धरला, उलटसुलट पाहिला.

"लिहा वन्सं, तुमचा आकडा," असे म्हणत तिने कडेवरचे बाळ मोतीशेजारी खाली सोडले.

मी लिहिले: शून्य.