फीमाफीसाठी घातलेला दहावा

आमची धाकटी जाऊ बायडाबाई लई हट्टी. तिचे मालक, म्हंजी आमचे सूर्यभान भावजी, एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले, पर गावानं तिला रडताना बघितलं न्हाई. कपाळाला ठसठशीत कुकू लावायची. कुनी हळहळलं की फाडकन म्हनायची, "बेपत्ता म्हंजी मेले न्हाईत. तोंड आवरा!" मी थोरली जाऊ, पर मला तरी कुठं सोडलं तिनं!

त्र्याहत्तर साली तिची छबू मॅट्रिक पास झाली. पोरीला नगरच्या कॉलेजात जायचं हुतं. न्हाईतर दसऱ्यानंतर हायेच आमच्यासंगं ऊसतोडीला, हातात कोयता. बायडाबाई तिला घिऊन नगरला गेली. कारकुनानं इचारलं, "जवान नोकरीत हाय का कामी आला?" फी ह्या दोन परकारच्या जवानांच्याच पोरांना माफ. बेपत्ता म्हनल्यावर त्यो म्हनला, "मग गावच्या पंचांकडनं मयत धरल्याचं लिहून आना."

आन पंच आमचे पाथर्डीकडचे, रीत सोडनारे न्हाईत. त्यातल्या थोरल्या आबासाहेबांनी नकाराची मान हलवली. "दहावा झाल्याबगर मानूस मेला असं कसं लिहू? पिंडाला कावळा शिवू दे, लगेच सही करतो." घ्या! डोंबलाची सही!

दोन-चार दिसांनी बायडाबाई माझ्याकडं आली. "आक्का, घालू दहावा. फीपुरताच. ते आले की मी सांगन त्यांना समजावून." तिनं सोताच्या हातानं कुकू पुसलं. डोळ्यात टिपूस न्हाई.

अंग न्हाई म्हनून दर्भाचं बाहुलं केलं, डोक्याला नारळ, वरून भावजींचा जुना सदरा. ते जाळून आमचे मालक गहिनीनाथ घरी आले ते दारातच बसले. घामानं निथळत हुते.

"काय झालं वो?"

"बाहुलं जड हुतं," म्हनले. "मानसाएवढं."

वाळल्या काड्यांना कसलं आलंय वजन! मी त्यांना गप केलं आन अंघोळीला पानी काढलं.

दहाव्याला नदीत थेंब न्हाई. दुष्काळाचा उन्हाळा, ढोरं मरून पडलेली, कावळे उपाशी. रेशनच्या मिलोच्या, म्हंजी त्या तांबड्या परदेशी जवारीच्या, पिठाचा पिंड ठिवला. बाभळ कावळ्यांनी काळी झाली हुती. पर एक खाली उतरंना. काव सुदिक न्हाई. नुसते बघत बसले आमच्याकडं.

मालकांनी हात जोडले, "पोरीला शिकवतो." न्हाई. "भावजयीला अंतर देनार न्हाई." न्हाई. मी तर शिव्याच घातल्या, मेल्यांनो, उपाशी हायता ना, मग खावा की! ऊन चढलं. आबासाहेब उठायला लागले.

आन बायडाबाई हसत हुती वो! त्या उघड्या कपाळानं हसत हुती. माझा दंड धरून म्हनली, "आक्का, शिवत न्हाईत! जिते हायती ते, जिते हायती!" मला तिची भीती वाटली.

छबूनं आईकडं बघितलं, मग उठनाऱ्या पंचांकडं. पोरीचं तोंड रडकुंडीला आलं हुतं. ती पिंडापाशी गेली, गुडघ्यावर बसली.

"दादा," ती बापाला म्हनली, "आमी आता तुमची वाट बघनार न्हाई. तुमी जावा."

अख्खी बाभळ हालली. सगळे कावळे एकदम खाली आले, आवाज न करता, आन पिंडाचा कन ठिवला न्हाई. आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. "शिवला. सूर्यभान गेला म्हना." कागदावर सह्या झाल्या. छबूची फी माफ झाली, कोयता टळला.

पर तवा नदीत बायडाबाईनं असा हंबरडा फोडला की मानसं मागं सरली. इतक्या दिसांचं रडं एकदम आलं. पोरीला छातीशी धरलं, आन तिच्याच पाठीत बुक्क्या मारत म्हनली,

"मी कुकू फीपुरतं पुसलं हुतं गं. तू खरंच पुसलंस."