वारा कापायचं काम

मी लिहिणारा नाही. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे काही चुकलं तर माफ करा. जिल्ह्यात सायकलिंगला पहिला आलो म्हणून सर म्हणाले, यशाबद्दल लिही. मला आधी जे झालं तेच लिहिता येईल.

मांडवगण फराट्याची शर्यत. दादा जिंकला होता. दादा म्हणजे आप्पांचा मुलगा. आप्पांच्या उसात माझे वडील रोजाने जातात, आप्पांच्याच सायकलवर मी बसायचो. दादा गुलालात. मी मागे, दोघांच्या सायकली धरून उभा. पाहुण्यांनी विचारलं, "हा कोण?"

"ह्यो व्हय? आमचा गडी," आप्पा म्हणाले. "बाप ऊस तोडतो, ह्यो वारा कापतो."

सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

पुढचा सायकलवाला वारा अंगावर घेतो, मागच्याची ताकद वाचते. म्हणून मी पुढं. शेवटी मी बाजूला व्हायचं, दादानं जिंकायचं. आप्पा चारचौघांत सांगायचे, "पोरगं लई शांत हाय." मलाही तो माझा स्वभाव वाटायचा. ती भीती होती. आई म्हणायची, "गप सोस. आपल्या बौद्धवस्तीत अशी सायकल हाय का कुणाकडं?"

मग शिरूर ते दौंड. जिल्ह्याची शर्यत. समोरून वारा, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता. मांड्या पेटलेल्या. दौंड दिसायला लागलं तसा मागून दादा ओरडला, "बाजूला हो रं!"

एवढं सोसतोय ते कुणासाठी?

"दादा, वाऱ्यात या," मी म्हणालो.

पाय थांबले नाहीत. दादा माझ्या मागून बाहेर आला, वारा लागला, मागे पडला.

मी पहिला आलो. रेषेपलीकडं आप्पा उभे. "उतर." सायकल त्यांची. बूटही त्यांचे. दोन्ही दिलं. पायमोज्यांवर एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. दुसऱ्या दिवशी वडिलांना शेतातून परत पाठवलं. कोयता कोपऱ्यात ठेवून ते जेवायला बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काल सरांचा फोन आला. राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली. दादाचीही. सोबत आप्पांचा निरोप: सायकल देतो, बापालाही कामावर घेतो. पोरानं आधीसारखं दादाच्या पुढं राहावं आणि शेवटी बाजूला व्हावं.

"काय कळवू त्यांना?" सरांनी विचारलं.

वडील शेजारीच बसले होते. मी म्हणालो, "नाही म्हणून कळवा."

सायकल कुठून आणायची, अजून माहीत नाही. पण मी जाणार आहे. आणि बाजूला होणार नाही.