तारखेविना चांद्रयान

पानशेतच्या धरणापलीकडच्या एका वाडीत बयाबाई एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा हनुमंत आणि सून सुलक्षणा पुण्यात असतात. नात रत्ना तिथंच वाढली. वाडीतली निम्मी घरं कुलपात आहेत.

बयाबाईंच्या घरातल्या फळीवर भरतकामाचा एक रुमाल आहे. त्यावर क्रिकेटचा चषक, खाली जून १९८३. नैवेद्याच्या ताटावर झाकायच्या रुमालावर १९८६ चा धूमकेतू. आणि पेटीच्या तळाशी उशीचा एक अभ्रा, त्यावर चंद्रावर उतरलेला माणूस.

अभ्रा सगळ्यात जुना. बयाबाईंचं माहेर कामथडीचं. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्यांनी आणि थोरली बहीण बाळाबाई हिनं शेजारच्या रेडिओवर ऐकली. पुढच्या उन्हाळ्यात बयाबाईंचं लग्न ठरलं आणि तो अभ्रा रुखवतात मांडला गेला. नवरदेवाचे चुलते बाजी यांनी भर मांडवात तो उचलून धरला. "चंद्रावर मानूस? आन शिडी कुणी लावली?" वऱ्हाडी हसले. बाळाबाईनं सुई मागवली आणि सगळ्यांसमोर चित्राखाली तारीख भरली. "आमी दोघींनी संगं ऐकलंय. ही घ्या माजी सही."

तेव्हापासून बयाबाईंचा नियम झाला. चित्र त्यांनी भरायचं. तारीख मात्र ती घटना पाहता-ऐकताना शेजारी असलेल्या माणसानं भरायची. चषकाखालची तारीख नवऱ्यानं, रखमाजींनी भरली. त्यांनी त्याआधी सुई कधी धरली नव्हती. त्यातल्या आठाचा भोपळा झाला आहे. धूमकेतूची तारीख पुन्हा बाळाबाईची. आता बाळाबाई नाही, रखमाजीही नाहीत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान उतरलं, तेव्हा बयाबाई टीव्हीसमोर होत्या. यान खाली येऊ लागलं तशा त्या उठून दारात गेल्या आणि शेजारच्या रतनबाईंना हाक मारली. रतनबाई म्हशी आणायला गेल्या होत्या. वाटेवर कोणी नव्हतं. बयाबाई परत आत आल्या. टीव्हीतली माणसं टाळ्या वाजवत होती.

त्या पावसाळ्यात त्यांनी टेबलावर घालायच्या कापडावर यान भरलं. करडे पाय साखळीच्या टाक्यानं, चंद्रावरचे खड्डे गाठीच्या टाक्यानं. खाली बोटभर जागा कोरी ठेवली.

रत्नाचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं फोन करून तेच कापड रुखवतासाठी मागितलं. नातीच्या रुखवतात ते तारखेसकट जावं, आपल्या अभ्र्यासारखं, असं बयाबाईंना फार वाटत होतं. प्रश्न एकच होता : तारीख कोण भरणार?

दुधाचा टेम्पो चालवणारा धनाजी म्हणाला, "मावशी, म्या पायलंय की मोबाईलवर. आना सुई."

"कुठं व्हतास तवा?"

"नसरापूरला, टपरीवर."

"मंग तुज्या टपरीचा रुमाल भर."

रतनबाईंनी दुसरा मार्ग सुचवला. "म्या टाकते तारीख. व्हते म्हनीन तुज्यापाशी."

"तू म्हशीमागं व्हतीस."

"मरंस्तवर अशीच सरळ ऱ्हाशील बया. आन एकटी बी."

सामान न्यायला हनुमंत आला, तेव्हा बयाबाईंनी कापड तसंच इस्त्रीसाठी त्याच्याकडे दिलं.

लग्न मे महिन्यात शिवऱ्याच्या कार्यालयात होतं. रुखवताच्या टेबलावर लाडवांच्या परातीशेजारी कापड पसरलेलं होतं. कोऱ्या जागेत निळ्या चमकत्या धाग्यात तारीख होती. अक्षरं एकसारखी, एकही टाका मागेपुढे नाही.

"आत्या, बघितलंत का?" सुलक्षणा म्हणाली. "तुमचं तेवढंच राहिलं होतं. म्हटलं, डोळे थकले असतील. कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतलं. अगदी छान झालंय ना?"

बयाबाईंनी तारखेवरून बोट फिरवलं. "कातरी हाय का?"

"कशाला?"

"हाय का?"

नवरीला सजवायला आलेल्या बाईकडे छोटी कात्री होती. बयाबाई खुर्ची ओढून टेबलाशीच बसल्या आणि कापड उलटं करून धागे कापू लागल्या. मशीनचा टाका दाट असतो. उसवायला वेळ लागतो. सुलक्षणाचा चेहरा उतरला. "मी चांगल्यासाठीच केलं होतं," ती म्हणाली. कापडावरची मान वर न करता बयाबाई म्हणाल्या, "व्हय गं, ठावं हाय मला."

मुंडावळ्या बांधलेली रत्ना आजीच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. नियम तिला माहीत होता. "आजी, तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

"कोनी न्हाई."

रत्नानं आजीच्या मांडीवरचे निळे तुकडे गोळा केले आणि कापड होतं तिथं परत पसरलं. "असंच राहू दे. मी असंच नेणार."

सुयांची भोकं दिसत होती. दोन धुण्यांत बुजतील, असं बयाबाईंनी सांगितलं.

अक्षता पडल्यावर मुलाकडची एक बाई रुखवत पाहत आली. तिनं यानाच्या पायांवरून हात फिरवला. "सुरेख आहे. पण खाली तारीख राहिली वाटतं?"

"ऱ्हायली," बयाबाई म्हणाल्या.

"मग घ्या की टाकून कुणाकडून. एवढी माणसं जमलीत इथं."

बयाबाईंनी कार्यालयावरून नजर फिरवली. पंगती बसत होत्या, वाढपी पळत होते.

"ही समदी आज आल्याती," त्या म्हणाल्या.